एक एकर, सात वीकेंड

पंपावर मीटर फिरायला लागला की ‘बॉस, आपलं इंधन आपणच बनवायला पाहिजे’ म्हणणारा एक प्राणी तुमच्याही ऑफिसात असेल. आमच्याकडे तो मीच. त्यात गाडी डिझेलवर आणि आईच्या नावावर सुप्याला एक एकर, जो मामा कसतो. मग काय, जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटेच पुणं सोडलं. प्लॅन पक्का होता: तेलबिया लावायच्या, बायोडिझेल घरीच बनवायचं.

शिरूरला घोडनदी ओलांडली की जिल्हा बदलतो. २०२४ पासून तो अहिल्यानगर, पण मामाच्या तोंडी अजून नगरच. पुढे एमआयडीसीच्या शेड, लांब पठारावर पवनचक्क्या, आणि आलं सुपं.

रानात करडई फुललेली. पिवळी-केशरी फुलं आणि जीन्समधूनही टोचणारे काटे. मी ज्ञान पाजळलं, ‘‘मामा, १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवलं होतं!’’

मामाने बांधावरच्या दोन झुडपांकडे बोट दाखवलं. मोगली एरंड, म्हणजेच जट्रोफा. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने याच झाडाच्या भरवशावर डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायचं स्वप्न पाहिलं होतं. पडीक जमीन चालेल, पाणी नको, जनावर तोंड लावणार नाही!

‘‘झाड जगलं रे,’’ मामा म्हणाला, ‘‘पण पाण्यावाचून बी धरंना. आणि पेंड विषारी, जनावराला घालायची सोय नाही.’’

‘‘मग करडई?’’

‘‘कोरडवाहूत एकरी दोन-अडीच क्विंटल. घाण्यावर तेल निघतं ७० लिटरच्या आसपास. कर हिशेब.’’

मोबाइल काढला. ७० लिटर, लिटरला १८ किलोमीटर. पुणे-सुपे-पुणे साधारण १७० किलोमीटर. म्हणजे अख्ख्या एकराच्या वर्षभराच्या पिकात माझ्या जेमतेम सात फेऱ्या! शिवाय नुसतं तेल ओतून भागत नाही. ते गरम करून त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालायचा, तळाला बसलेलं ग्लिसरीन काढायचं, वरचं धुऊन वाळवायचं. मिथेनॉल विषारी आणि झटकन पेटणारं. आमच्या टू-बीएचकेच्या बाल्कनीत? विसरा!

‘‘भाचेबुवा,’’ मामा हसला, ‘‘तेल गाडीत घालायचंय का कढईत? घाण्याचं तेल डिझेलपेक्षा किती तरी महाग विकतं. पेंड म्हशीला, कोवळ्या पाल्याची भाजी आम्हाला. आणि शेजारच्या पट्टीतल्या ज्वारीवर वर्षाची भाकरी निघते.’’

पट्टी आईच्या नावावर होती, पण त्या भाकरीचा हिशेब मी धरलाच नव्हता. प्लॅन तिथेच गुंडाळला.

जेवायला करडईची भाजी, ज्वारीची भाकरी, वर ठेचा. जानेवारीत त्या रस्त्याने गेलात तर फुललेली करडई नक्की बघा. फक्त फुल पँट घाला!

परतताना डिकीत तेलाचा पाच लिटरचा डबा होता. शिरूरला पंपावर थांबलो. मीटर फिरत होता. या वेळी मी गप्प होतो.