सुटलेला ठोका

गेल्या पावसाळ्यापासून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय. कुलपात किल्ली फिरवली की कळ येते. डॉक्टर म्हणाले, सांध्याची झीज आहे. मग विचारलं, "टायपिंग फार करता का?" मी हो म्हणालो. पियानो वाजवतो म्हणून सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "आणि पोटापाण्यासाठी?" त्रेसष्टाव्या वर्षी त्याचं उत्तर देत बसायचा कंटाळा येतो.

अंगठा गेला तर माझा बाख राहील, शूबर्टही थोडाफार राहील. बेथोव्हनच्या 'वाल्डस्टाइन' सोनाटाचा शेवटचा भाग मात्र जाईल, आणि लोक मला ओळखतात ते (निदान माझी तशी समजूत आहे) त्याच भागासाठी.

त्यातली मेख अशी. पांढरी एकचा सा धरला तर पंचमावर ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची झरझर आलटापालट) आहे, लांबलचक. तो अंगठ्याने आणि तर्जनीने चालू ठेवायचा आणि त्याच हाताच्या करंगळीने वर मुख्य सुरावट गायची. डावा हात खाली धावत असतो, त्याच्याकडे उसनवारी चालत नाही. पियानोचा स्वर जन्मला की मरायलाच लागतो. पेटीवाल्याकडे भाता आहे, सारंगीवाल्याकडे गज आहे. आमचा एकदा ठोका पडला की विषय संपला. तो पंचम जिवंत ठेवायचा तर ठोकत राहायला हवं, आणि ठोकतोय हे कळता कामा नये. करंगळी जरा वजनाने पडली की अंगठा दचकतो. करंगळीला आवरावं तर सुरावट पातळ होते. चाळीस वर्षं मी त्या दचकण्याच्या मागे आहे. मनगट उंच धरून पाहिलं, खाली सोडून पाहिलं. खुर्ची दोन बोटं मागे सरकवली. गिरगावात राहायचो तेव्हा रात्री दहानंतर शेजारी भिंत ठोकायचे, म्हणून जेवणाच्या टेबलाच्या कडेवर वाजवायचो. त्या लाकडावर अंगठा कधीच दचकला नाही.

बेथोव्हनला ही अडचण ठाऊक होती. १८०४ च्या त्याच्या हस्तलिखितात शेवटी त्याने टीप लिहून ठेवली आहे: ट्रिल आणि सुरावट एकत्र जड जात असेल त्याने ते सोपं करून घ्यावं, ट्रिलचा नेहमीचा वेग थोडा कमी झाला तरी बिघडत नाही. आणि त्याच्या वेळच्या व्हिएन्नाच्या पियानोंच्या पट्ट्या आजच्यापेक्षा हलक्या होत्या, कमी खोल दबायच्या. तरीही त्याने सवलत दिली. आजच्या ग्रँडची पट्टी जवळजवळ सेंटिमीटरभर खाली जाते, हे सवलत मागणाऱ्याच्या बाजूने बोलायला हवं. मी कधी बोललो नाही. शिष्यांना ती टीप दाखवताना मी म्हणायचो, "ही ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी आहे." 'ज्यांना' या शब्दावर जरा थांबायचो.

माझ्या बरोबरीचा एकजण परदेशात स्थायिक झाला. तो सुरावटीचा स्वर पडतो त्या क्षणी ट्रिलचा एक ठोका गाळतो. रेकॉर्डिंग हळू करून मी ते पकडलं, आणि पुढची पंधरा वर्षं मिळेल त्याला सांगितलं. आता त्याच्यावर टीका करायची तर वेगळं काहीतरी शोधावं लागेल. नव्या मुलांबद्दल बोलावं म्हटलं तर त्यांच्याकडे वेग अमाप आहे, पण वर्षाला तीन तुकडे घोटायचे, ग्रेडची परीक्षा द्यायची आणि सर्टिफिकेट चौकटीत लावायचं. घरी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, त्यामुळे तार कशी मरत जाते हे त्यांच्या कानांनी कधी ऐकलेलंच नाही. पाहा, अंगठ्याचं सांगायला बसलो आणि कुठे पोचलो.

फेब्रुवारीत दक्षिण मुंबईतल्या एका छोट्या सभागृहात मी 'वाल्डस्टाइन' वाजवला. समोर स्कोअर होता. उतारवयात पियानोवादक रिश्टरही स्कोअर ठेवून, शेजारी लहानसा दिवा लावून वाजवायचा, हे मी कुणी न विचारता दोघातिघांना सांगून ठेवलं होतं. पानं उलटायला माझी विद्यार्थिनी होती, डोंबिवलीहून येते ती. शेवटच्या भागात, पहिल्याच लांब ट्रिलला, अंगठ्यातून कळ गेली आणि मी ठोका गाळला. मग पुढचाही गाळला. नंतर प्रत्येक वेळी, ठरवून.

टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या. एक वयस्क पारशी गृहस्थ, माझा जवळजवळ प्रत्येक कार्यक्रम ऐकलेले, हात हातात घेऊन म्हणाले, "ट्रिल तर काय! आधीसारखाच." हात त्यांनी दाबला तो नेमका अंगठ्याशी.

रात्री झोप लागली नाही. चोरी पकडली गेली नाही याचा आनंद व्हायला हवा होता. पण आज गाळलेलं कुणाला कळलं नसेल, तर चाळीस वर्षं न गाळता वाजवलेलं तरी कुणाला कळलं होतं? तो ठोका मी कुणासाठी वाचवत होतो? बेथोव्हनसाठी म्हणावं तर त्याने तो सोडून दिला होता.

पुढच्या मंगळवारी विद्यार्थिनी आली आणि तिने तो भाग वाजवला. प्रत्येक सुरावटीच्या स्वराला एक ठोका स्वच्छ गाळून. अंगठा दचकला नाही. सुरावट भरदार आली, माझ्याकडून इतकी क्वचितच आली असेल.

"हे काय?" मी विचारलं.

"सर, तुम्ही त्या दिवशी सोडत होतात तसं. मी जवळून बघत होते ना. श्वास घेतल्यासारखं वाटतं."

"अगं, आधी पूर्ण यायला हवं. मग काय सोडायचं ते सोड."

"बरं," ती उठली आणि स्टूल माझ्याकडे सरकवून म्हणाली, "एकदा पूर्ण वाजवून दाखवता?"

मी म्हणालो, हवेत दमटपणा आहे, फेल्ट फुगलंय, पट्ट्या अडकताहेत. आत बल्ब लावून ठेवायला हवा. तिने मान डोलावली. पाऊस यायला अजून साडेतीन महिने होते.