दिवाणखान्यातील समुद्र

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले ते समुद्राच्या काठीच. आम्हा नागपूरकरांना समुद्र घरी कालवावा लागतो: लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्री क्षार, स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. आमच्या या नव्या समुद्रावर तिसऱ्या आठवड्यात तांबूस, बुळबुळीत थर धरला, कुजक्या अंड्यांचा दर्प सुटला, आणि दोन्ही मासे वर येऊन धापा टाकू लागले. सर्व उपसून वाळू घासून काढा, असा घरातून हुकूम झाला. आम्ही तो मानला नाही. उरलेल्या अन्नातून व मलातून उत्पन्न होणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट आणि मग सौम्य नायट्रेट करणारे जंतू त्याच वाळूत वस्ती करतात. ती घासणे म्हणजे रोगाबरोबर वैद्यालाही घालविणे. शिवाय दर्प येतो तो वाळूच्या तळाशी, प्राणवायू न पोचणाऱ्या थरातून. तो ढवळला तर विषारी वायू एकदम पाण्यात मिसळतो. तेव्हा थर नळीने ओढून घेतला, चौथाई पाणी बदलले, खाणे निम्मे केले व पंपाचे तोंड निश्चल कोपऱ्याकडे वळविले. वैशाखाचा उन्हाळा, ऊन पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून पंखाही लावला. (आम्हांस तो मिळत नाही, ही तक्रार अद्याप चालू आहे!) दहाव्या दिवशी दर्प ओसरला. थर एका कोपऱ्यात थोडा उरला आहे. मासे तिकडे फिरकत नाहीत.