रिकामा रकाना

कॉलेजातल्याच एका वर्गात बसून मला नोकरी मिळाली, असं सांगितलं तेव्हा आईचा विश्वास बसेना. तिच्या हिशेबी नोकरी म्हणजे अर्ज, ओळखीची चिठ्ठी आणि दहा उंबरे झिजवणं. कंपनीच दारात येते आणि पोरं निवडून नेते, हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे मुलगी बघायला आल्यासारखं आले म्हण की!" तिचं फारसं चुकलं नव्हतं. आम्हीही इस्त्रीचे शर्ट घालून, तोंड पाडून ओळीनं बसलोच होतो.

साल १९९७. बेळगावची इंजिनिअरिंग कॉलेजं तेव्हा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती. गावात तांत्रिक विद्यापीठ आलं ते पुढच्या वर्षी. मी मेकॅनिकलचा. पण ते दिवसच वेगळे होते. जगभरच्या जुन्या कोबोल प्रोग्रामांत साल दोनच आकड्यांत लिहिलेलं होतं. २००० उजाडलं की '००' पाहून यंत्र १९०० समजणार, आणि व्याजापासून विम्यापर्यंत सगळे हिशेब कोलमडणार, अशी धास्ती होती. ओळ न् ओळ तपासायला माणसं हवी होती. त्यामुळे मेकॅनिकल, सिव्हिलची पोरंही चालत होती. साठ टक्के आणि डोकं जाग्यावर असलं की पुरे.

लेखी परीक्षेआधी एक फॉर्म वाटला. नाव, टक्के, वडिलांचा व्यवसाय, मातृभाषा. शेजारचा मित्र कानाशी लागला, "कंपनी बेंगळूरची आहे बाबा. मराठी लिहू नकोस. कानडी लिही, नाहीतर जाशील घरी." खरं-खोटं कुणाला ठाऊक! मी पेन उचललं आणि तो एकच रकाना तसाच सोडला.

आमचे अण्णा रविवार पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. दिवसभर शेतकऱ्यांशी कानडीत बोलायचे, खतावणी मात्र मराठीत. शेंगांचा भाव कानडीत सांगताना त्यांची जीभ कधी अडखळली नाही. आणि १९५६ साली आपण ज्या राज्यात गेलो ते मनाविरुद्ध, म्हणून दर १ नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीला जाणंही कधी चुकलं नाही. त्या माणसाच्या मुलानं मातृभाषेचा रकाना रिकामा ठेवला होता.

लेखी परीक्षा पार पडली, गटचर्चाही झाली. दुपारी मुलाखतीला बोलावलं. टेबलापलीकडे चाळिशीचे एक गृहस्थ. त्यांनी कागद पुढे सरकवला. "दोन संख्यांची अदलाबदल कर. तिसरी जागा वापरायची नाही." दूध आणि ताक अदलून ठेवायचं तर तिसरं भांडं लागतं, पण आकड्यांचं तसं नसतं. दोघांची बेरीज पहिल्यात ठेवायची. तिच्यातून दुसरी वजा करून ती दुसऱ्यात, मग पुन्हा बेरजेतून ही नवी दुसरी वजा करून पहिल्यात. मी लिहून दाखवलं. "आकडे फार मोठे असले तर?" त्यांनी विचारलं. "बेरीज मावायची नाही, सर." त्यांनी मान डोलावली.

मग त्यांनी फॉर्म उलटला. बोट नेमकं त्या रकान्यावर. "हा राहिला वाटतं?"

"विसरलो, सर."

त्यांनी काही न बोलता आपलं पेन पुढे केलं. मी मराठी लिहिलं. हात थरथरत होता. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "कन्नड बरुत्ता?"

"बर्तैत्रि," माझ्या तोंडून आमच्या बाजारपेठेतलं उत्तर निघालं. ते मोठ्यानं हसले. "घरी एक, बाजारात एक, इथं तिसरी. मग कोबोल काय अवघड आहे?"

संध्याकाळी यादीत माझं नाव होतं. मित्राचं नव्हतं. त्यानं कानडी लिहिलं होतं; पण तो गळाला गणितात, भाषेत नव्हे.

रात्री अण्णांनी काय काय विचारलं ते सगळं ऐकलं. दूध-ताकाचा दाखला त्यांना फार आवडला. रकान्याचं मी सांगितलं नाही. सांगितलं ते बेंगळूरच्या बसमध्ये ट्रंक चढवल्यावर, गाडी सुटायला पाच मिनिटं असताना. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी जन्मभर कानडीत भाव केला. माझं मराठी काय तोळाभर कमी झालं काय रे? मग लिहायला भ्यायचं कशाला?" रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

अण्णा आता नाहीत. २०२४ साली माझी मुलगी कॅम्पस मुलाखतीला बसली. तिचा जन्म बेंगळूरचा. मैत्रिणींशी इंग्रजी, रिक्षावाल्याशी कानडी, आजीशी फोनवर मराठी. सगळे फॉर्म पडद्यावर. एका रकान्यापाशी ती थांबली. माझ्यासारखी घाबरून नव्हे. तिला खरंच प्रश्न पडला होता.

"बाबा, मातृभाषा काय लिहू?"

माझ्या छातीत धस्स झालं. मी पेन पुढे करू शकत नव्हतो. एवढंच म्हणालो, "हे तू मला आत्ता कुठल्या भाषेत विचारलंस?"

ती क्षणभर गप्प झाली. मग हसली आणि तिनं तो रकाना भरला.