तो रडका बाजा कायले लावला?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मालेगाव तालुक्यातल्या एका गावात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी गेलो होतो. सरकारी मदतीचे 1 लाख मिळायचे, तो प्रस्ताव 'अपात्र' ठरला होता. ताई एकदम शांतपणे सांगत होत्या. कर्ज किती, कोणाचं, कोणता कागद कमी पडला. मागे पिठाची गिरणी चालू होती.

घरी येऊन एडिटिंगला बसलो. गिरणीचा आवाज दाबला आणि खाली व्हायोलिन टाकलं. व्हिडिओ जोरात चालला. कमेंटमध्ये नुसते रडके इमोजी. आठ दिवसांनी ताईंचा फोन आला.

"भाऊ, तो रडका बाजा कायले लावला? मी त रडली नव्हती."

काय उत्तर देणार? परत ऐकलं. त्या कागदाचं सांगतात, नेमकं तिथंच व्हायोलिन चढलेलं. एवढ्या लोकांनी पाहिलं, पण त्या कागदाबद्दल एकानंही विचारलं नाही.

आवाज बनवणं हे पाप नाही. जंगलातल्या माहितीपटात लांबच्या लेन्सनं वाघ जवळ दिसतो, पण त्याच्या पावलांचा आवाज तेवढ्या लांबून येत नाही. तो बऱ्याचदा नंतर स्टुडिओत तयार करतात.

आपला 'सैराट' घ्या, 2016 चा. अजय-अतुलनं त्याचं संगीत लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रावर रेकॉर्ड केलं. करमाळ्याकडच्या पोरा-पोरीच्या प्रेमामागे एवढा मोठा वाद्यवृंद, तरी कोणाला खोटा वाटला नाही. त्या वयात डोक्यात तेवढंच वाजत असतं. आणि शेवटी नागराज मंजुळेंनी आवाजच काढून घेतला. लेकरू रक्ताची पावलं उमटवत जातं आणि थेटरात चिडीचूप. खऱ्या जगात इतकी शांतता नसते, तीही बनवलेलीच. पण रडा म्हणून ती सांगत नाही. जे झालं ते आपल्याला पाहायला लावते.

सिनेमा आहे हे तिथं सगळ्यांना माहीत असतं. माझ्या व्हिडिओतल्या ताई मात्र खऱ्या होत्या. सरकारी कागदानं त्यांना अपात्र केलं आणि मी त्यांचं पात्र करून टाकलं.

नंतर मूळ रेकॉर्डिंग गिरणीच्या आवाजासकट पुन्हा टाकलं. पाहणारे फार नाही मिळाले. पण दोघा-तिघांनी विचारलं, कागद कोणता कमी पडला हो?

तेव्हापासून बातमीखाली संगीत टाकणं बंद. तुम्हीही असा व्हिडिओ पाहाल, तेव्हा माणूस काय म्हणतोय तेवढं ऐका.