रद्दीवाला आणि आमचा सद्गुण

पन्नाशी ओलांडलेल्या आम्हां मंडळींना आपल्या काटकसरीचा मोठा अभिमान असतो. आमच्या लहानपणीं पुण्याच्या वाड्यांत कांहींच वायां जात नसे, हें आम्ही मुलांना वारंवार ऐकवितों. वर्तमानपत्रांची चळत रद्दीवाल्याकडे जाई, बाटल्या बाटलीवाल्याकडे, जुन्या साड्या बोहारणीकडे. आणि बोहारणीनें दिलेलें पातेलें पुढें वीस वर्षें घरांत नांदे.

पण हा अभिमान कितपत खरा? रद्दीवाला दाराशीं येई, तराजू धरून पैसे देई. म्हणून आम्हीं रद्दी जपली. ज्या वस्तूला भाव नव्हता ती आम्ही तेव्हांही उकिरड्यावरच फेंकीत होतों.

हें आम्हांला उमगलें तें एका जुन्या ट्यूबलाइटमुळें. २०१६ च्या नियमांनीं घरच्या कचऱ्याचे ओला, सुका आणि घातक असे तीन भाग केले, व ते वेगळे ठेवण्याचें कर्तव्य घरावरच सोंपविलें. त्या नळींत पारा असतो, तेव्हां ती तिसऱ्या भागांत मोडते, हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु अशा वस्तू घेणारें केंद्र चार किलोमीटरांवर, आणि तेंही ठराविक दिवशींच उघडें. आज जाऊं, उद्यां जाऊं, असें म्हणतां म्हणतां वर्ष लोटलें. कपाटामागें उभी केलेली नळी एके दिवशीं फुटली. आणि आम्हीं तिचे तुकडे गुपचूप सुक्या कचऱ्याच्या बादलींत सारले.

दुसऱ्या दिवशीं कचरा नेणाऱ्या बाईंचें बोट कापलें. अशा कष्टकऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ पुण्यांत १९९३ सालीं स्थापन झाली, पुढें त्यांना ओळखपत्रें मिळालीं. परंतु ओळखपत्र हाताला काचेपासून वांचवीत नाहीं. बाईंनीं बोटाला चिंधी गुंडाळली व एवढेंच म्हटलें, “काका, काच कागदांत बांधून निराळी देत जा.”

त्या शब्दांत राग नव्हता. म्हणूनच ते आम्हांला अधिक लागले.

केंद्र घराजवळ असावें, ही आमची मागणी रास्तच आहे. सोय झाली तर पुष्कळ लोक जातील, यांत शंका नाहीं. परंतु सोय होईपर्यंत आमची गैरसोय दुसऱ्याच्या हातांनीं कां सोसावी? आतां दाराशीं एक खोकें ठेविलें आहे. तें भरलें, कीं शेजाऱ्यांच्याही वस्तू घेऊन आम्ही केंद्रावर जातों.

मुलांना रद्दीवाल्याची गोष्ट आम्ही अजूनही सांगतों. मात्र ती आतां त्या बोटाशीं येऊन संपते.