हाडांतलं खनिज आणि पिण्याचं पाणी

आमच्या बडोद्याच्या घरात पाणी हा कायमचा वादाचा विषय. आजीला तांब्याच्या कळशीतलंच पाणी लागतं, आईचा उकळण्यावर विश्वास. मी घरातला इंजिनिअर, म्हणून निवाडा माझ्याकडे.

दोघीही बरोबर आहेत, पण अर्ध्याच. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले बरेच जिवाणू मरतात, उकळल्यावर तर मरतातच. पण पाण्यात शिसं उतरलं असेल, तर ते दोन्ही उपायांनी जात नाही. उलट उकळताना पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं. आमचे पाइप जुने, मुलगी तीन वर्षांची. म्हणून मी याबद्दल वाचायला लागलो.

वाचताना हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट भेटलं. नाव जड असलं तरी ते आपल्या हाडांत आणि दातांत असतं. कॅल्शियम आणि फॉस्फेटचं हे खनिज. त्याच्या स्फटिकात कॅल्शियमची जागा शिसं पटकावू शकतं. मुलांच्या पोटात गेलेलं शिसं हाडांत ठाण मांडून बसतं, ते यामुळेच. संशोधकांनी हाच गुण कामाला लावला. हे खनिज प्रयोगशाळेत बनवून दूषित पाण्यात मिसळलं, की शिसं त्यात अडकतं. कण नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतके बारीक असले, की तेवढ्याच वजनात पृष्ठभाग कैक पटींनी वाढतो. शिवाय कॅल्शियमच्या काही जागी चांदी, तांबं किंवा जस्त बसवलं, की जिवाणूंचाही बंदोबस्त होतो. बीईला सिलिकॉनचं डोपिंग शिकलो होतो, त्याच जातीची ही कल्पना.

मग असा फिल्टर लगेच आणावा का? या खनिजावरचं बरंचसं काम अजून प्रयोगशाळेतच आहे. कणांतून चांदी किती सुटते, वापरलेले कण पाण्यातून कसे काढायचे, हे प्रश्न सोडवावे लागतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसं ०.०१ आणि चांदी ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. म्हणून खोक्यावर ‘नॅनो’ किंवा ‘सिल्व्हर’ दिसलं, तर एवढंच विचारा : हे जिवाणू मारतं, की धातूही काढतं?

आम्ही नळाच्या पाण्याचा नमुना तपासायला दिलाय. साध्या तपासणीत शिसं असेलच असं नाही, म्हणून ते वेगळं लिहून दिलं. अहवाल येईपर्यंत सकाळचं पहिलं पाणी थोडा वेळ वाहू देतो आणि ते झाडांना घालतो. तुमचंही घर जुनं असेल आणि घरात लहान मूल असेल, तर एकदा ही तपासणी कराच.