हिमनदीवरील टपाल

१९८४ सालापासून सियाचिन हिमनदीवर आपले जवान पहारा करीत आहेत. हिवाळ्यात तेथे पारा शून्याखाली ५० अंशांपर्यंत उतरतो. सभोवार बर्फाच्या राशी, तरी प्यावयास पाण्याचा थेंब नाही! रॉकेलच्या स्टोव्हवर बर्फ वितळवावे, तेव्हा कोठे चहा होतो. चौकीबाहेर पडावयाचे ते एकाच दोराने परस्परांना बांधून घेऊन. कारण बर्फाखाली खोल भेगा दडलेल्या असतात.

दूरध्वनीची सोय होण्यापूर्वी पत्र हाच घरचा दुवा होता. पेनातील शाई गोठे, ती उबेला धरून सातारकडचा शिपाई लिही, "येथे सर्व कुशल. थंडी थोडी आहे." पत्त्यातही गावाचे नाव नसे, नुसते '५६ ए. पी. ओ.'. घरची मंडळी तरी काय कमी! विहीर आटली, बैल विकला, हे तीही कळवीत नसत.

एके दिवशी हेलिकॉप्टरने रॉकेलच्या डब्यांबरोबर टपालाची पिशवी आणली. शिपायाच्या पत्रात 'आबांची प्रकृती उत्तम' असे होते. पण अक्षर धाकट्या भावाचे. आजवरचे प्रत्येक पत्र आबांनी स्वहस्ते लिहिले होते. शिपायाने ते पुन्हा वाचले, घडी घालून आतल्या खिशात ठेवले आणि पहाऱ्याची पाळी आली म्हणून तो कमरेला दोर बांधू लागला.